कंपनीच्या फोनवर काय आहे: ॲपची यादी काढताना आणि वाचताना

२९ जून २०२० रोजी, सोमवारी संध्याकाळी, केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ५९ चिनी मोबाइल ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती टिकटॉकची. कंपनीचे फोन सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या दृष्टीने मात्र त्या यादीतली वेगळीच नावे महत्त्वाची होती: कॅमस्कॅनर, शेअरइट, झेंडर, यूसी ब्राउझर, ईएस फाइल एक्स्प्लोरर. ही करमणुकीची नव्हे, रोजच्या कामाची साधने होती. मी ज्या कंपनीत काम करते ती ठिबक सिंचनाचे साहित्य विकते, आणि तिचे प्रतिनिधी तालुक्या-तालुक्यांत फिरून शेतकऱ्यांच्या अनुदानाच्या अर्जांसाठी सातबारा, आठ-अ आणि बँकेचे पासबुक यांच्या प्रती घेतात. त्या प्रती काढायच्या कशाने, तर बहुतेकांच्या फोनवर कॅमस्कॅनरने.

बंदीनंतर ही ॲप्स प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअरवरून हटली, परंतु ज्या फोनवर ती आधीच बसवलेली होती तिथून ती आपोआप गेली नाहीत. साहजिकच दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाकडून प्रश्न आला की, आपल्या किती फोनवर यांपैकी काय आहे. एमडीएम, म्हणजे कंपनीचे सगळे फोन दूरवरून सांभाळणारी व्यवस्था, असलेल्या कंपनीत हा प्रश्न पाच मिनिटांचा असावा, असे कोणालाही वाटेल. तो तसा नाही, आणि का नाही हे थोडे विस्ताराने लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

कार्यालयात बसून आपल्याला फोनवरील ॲपची यादी दिसते, ती फोनने स्वतः पाठवलेली असते. अँड्रॉइडमध्ये हे काम व्यवस्थापनासाठी नेमलेले ॲप करते. आयफोनमध्ये वेगळे ॲप लागत नाही. २०१० साली आयओएस ४ बरोबर ॲपलने एमडीएमची सोय थेट प्रणालीतच आणली, आणि सर्व्हरने ॲपलच्या पुश सेवेमार्फत फोनला जागे केले की फोन सर्व्हरकडे येऊन ‘काय हवे आहे’ असे विचारतो, सर्व्हर बसवलेल्या ॲप्सची यादी मागतो आणि फोन ती देतो. या यादीत प्रत्येक ॲपचे नाव, त्याचा तांत्रिक आयडी, आवृत्ती आणि आकार येतो. त्या ॲपमध्ये वापरणारा काय करतो, कोणाशी बोलतो, किती वेळ घालवतो, यातले काहीही त्यात येत नाही. आमच्या प्रतिनिधींपैकी अनेकांची अजूनही ठाम समजूत आहे की पुण्यात बसून मॅडमना आमचे व्हॉट्सॲप वाचता येते, आणि ती समजूत कितीही वेळा दूर केली तरी नव्या भरतीबरोबर परत येते.

फोन किती सांगतो, हे तो कोणत्या पद्धतीने नोंदवला आहे यावर अवलंबून असते, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ इथेच आहे. अँड्रॉइडमध्ये ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे कर्मचाऱ्याचा स्वतःचा फोन, ज्यावर फक्त कामासाठी एक वेगळा कप्पा, म्हणजे वर्क प्रोफाइल, तयार केलेला असतो. ही सोय २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहे, आणि त्यातली ॲप्स चिन्हावरच्या छोट्या ब्रीफकेसवरून ओळखू येतात. इथे कंपनीला त्या कप्प्यातली ॲप्स दिसतात, बाहेरची दिसत नाहीत. दुसरा प्रकार पूर्णपणे कंपनीच्या ताब्यातला फोन, ज्यावर वैयक्तिक असे काही नसते आणि सगळी यादी मिळते. तिसरा प्रकार मधला: फोन कंपनीचा, परंतु त्यावर कर्मचाऱ्याला वैयक्तिक वापराची मुभा. पूर्वी या तिसऱ्या प्रकारात कंपनीला दोन्ही बाजू दिसू शकत असत. २०२० साली अँड्रॉइड ११ मध्ये गूगलने ही व्यवस्था बदलली आणि फोनची मालकी कंपनीची असली तरी वैयक्तिक बाजूची ॲप्स कंपनीला दिसणार नाहीत, अशी भिंत घातली. तेव्हा अनेक आयटी प्रमुखांनी नाके मुरडली. माझ्या मते तो निर्णय योग्य होता, आणि त्याची कारणे पुढे येतील.

ॲपलकडे वाटणी वेगळी आहे. कंपनीने ॲपल बिझनेस मॅनेजर या ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या सेवेमार्फत नोंदवलेला, सुपरव्हाइज्ड (पूर्ण देखरेखीखालचा) म्हटला जाणारा फोन सगळी यादी देतो. कर्मचाऱ्याच्या खासगी फोनसाठी २०१९ च्या आयओएस १३ मध्ये यूझर एनरोलमेंट हा नोंदणीचा प्रकार आला, आणि त्यात कंपनीने दिलेल्या ॲप्सपलीकडे काहीही दिसत नाही. या दोहोंच्या मध्ये साधी डिव्हाइस एनरोलमेंट उरते, जिच्यात तांत्रिकदृष्ट्या सगळी यादी मागता येते आणि ती मागायची की नाही हे एमडीएम ठरवते.

आम्ही मायक्रोसॉफ्टचे इंट्यून हे एमडीएम वापरतो, त्यामुळे पुढचे तपशील त्याचे आहेत. इंट्यूनमध्ये ‘डिस्कव्हर्ड ॲप्स’ नावाचा अहवाल असतो आणि तो दोन ठिकाणी सापडतो: ॲप्सच्या विभागात मॉनिटरखाली सर्व फोनचा एकत्रित, आणि प्रत्येक फोनच्या पानावर त्या फोनपुरता. फोनची मालकी ‘वैयक्तिक’ अशी नोंदलेली असेल तर इंट्यून फक्त कंपनीने व्यवस्थापित केलेली ॲप्स गोळा करते; ‘कंपनीची’ अशी नोंदलेली असेल तर सगळी. इथे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे. अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलमध्ये जी भिंत आहे ती प्रणालीने बांधलेली आहे, आणि ॲडमिनने काहीही केले तरी ती पडत नाही. साध्या पद्धतीने नोंदवलेल्या आयफोनच्या बाबतीत मात्र ती भिंत म्हणजे इंट्यूनच्या पानावरचा मालकीचा एक रकाना आहे, जो ॲडमिनला बदलता येतो. म्हणूनच आमच्याकडे मालकीचा रकाना बदलण्याचा अधिकार फार थोड्यांकडे ठेवला आहे, आणि फोनच्या खरेदीचे बिल जोडल्याशिवाय तो बदलला जात नाही.

दुसरी अडचण वेळेची. डिस्कव्हर्ड ॲप्सचा अहवाल चालू क्षणाचा नसतो. फोनवरील यादी साधारणपणे दर सात दिवसांनी नव्याने घेतली जाते, आणि हे सात दिवस प्रत्येक फोनच्या नोंदणीच्या तारखेपासून मोजले जातात. म्हणजे एकाच अहवालात काही फोनची माहिती कालची असते आणि काहींची सहा दिवसांपूर्वीची. शिवाय जो फोन बंद होऊन कपाटात पडला आहे किंवा ज्याचे सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातले आहे, त्याची शेवटची माहिती महिन्यांपूर्वीची असू शकते. त्यामुळे एखादे ॲप अहवालात दिसले नाही म्हणजे ते कोणत्याच फोनवर नाही, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी फोनच्या मुख्य यादीतला शेवटच्या संपर्काचा रकाना उघडून, कोण किती दिवस गप्प आहे ते पाहावे लागते. बंदीच्या त्या आठवड्यात आमचा निम्मा वेळ ॲप शोधण्यात नव्हे, तर गप्प असलेल्या फोनच्या मालकांना दूरध्वनी करून ‘जरा कंपनी पोर्टल (इंट्यूनचे फोनवरचे ॲप) उघडा आणि सिंक करा’ असे सांगण्यात गेला. टाळेबंदीचे दिवस होते, त्यामुळे फोन परत मागवण्याचा प्रश्नच नव्हता.

यादी हाती आली म्हणजे ती वाचण्याचे काम सुरू होते. मोठ्या कंपनीत एकत्रित अहवाल हजारो ओळींचा असतो, कारण एकाच ॲपच्या निरनिराळ्या आवृत्त्या निरनिराळ्या ओळींत येतात, आणि हँडसेटच्या निर्मात्याने घातलेल्या, कोणी कधी उघडत नाही अशा ॲप्सची त्यात भर असते. तो अहवाल सीएसव्ही स्वरूपात उतरवून घ्यावा आणि एक्सेलमध्ये आवृत्तीचा रकाना बाजूला ठेवून नावाप्रमाणे बेरीज करावी, हे सर्वांत सोपे. परंतु नावावर भिस्त ठेवू नये. पडद्यावर दिसणारे नाव ॲप बनवणारा वाटेल ते ठेवू शकतो. खरी ओळख पॅकेजच्या, म्हणजे ॲपच्या आतल्या तांत्रिक, नावाने होते, आणि आयफोनवर तिलाच बंडल आयडी म्हणतात. साध्या व्हॉट्सॲपचे पॅकेज ‘कॉम डॉट व्हॉट्सॲप’ आहे आणि व्हॉट्सॲप बिझनेसचे त्यापुढे आणखी एक तुकडा जोडलेले आहे, त्यामुळे ही दोन ॲप्स वेगळी आहेत हे लगेच कळते. जीबी व्हॉट्सॲपसारख्या, प्ले स्टोअरवर कधीही नसलेल्या बदललेल्या प्रती मात्र पडद्यावर व्हॉट्सॲप असेच नाव आणि जवळपास तेच चिन्ह लावून बसू शकतात. त्यांच्या काही प्रती तर पॅकेजचे नावही मूळ ॲपचेच ठेवतात. तेव्हा केवळ यादी पुरत नाही, आणि ॲप कोठून बसवले गेले हे शोधावे लागते.

‘कोठून आले’ हा प्रश्न माझ्या मते ‘काय आहे’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. व्हॉट्सॲपवर वाहतुकीच्या चलनाच्या, लग्नपत्रिकेच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने एपीके फाइल (स्टोअरशिवाय ॲप बसवणारी फाइल) पाठवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार आता गावोगावी माहीत झाले आहेत. आमच्या प्रतिनिधींचे नंबर शेकडो शेतकऱ्यांकडे आणि विक्रेत्यांकडे असल्यामुळे अशा फाइल्स त्यांच्याकडे सतत येतात, आणि बहुधा ओळखीच्या माणसाच्या नंबरवरूनच येतात. अँड्रॉइड १० पासून स्टोअरबाहेरून ॲप बसवण्यावर कंपनीला संपूर्ण फोनपुरती बंदी घालता येते, अगदी मधल्या प्रकारच्या फोनच्या वैयक्तिक बाजूवरही, आणि ती बंदी घालण्यास मी क्षणभरही कचरत नाही. वैयक्तिक बाजूला कोणती ॲप्स आहेत हे मला दिसत नसले तरी ती अधिकृत स्टोअरमधूनच आलेली आहेत, एवढी खात्री त्यामुळे मिळते.

आता बाकीच्या यादीत काय पाहायचे. दिनदर्शिका, पंचांग, एसटीचे तिकीट, हवामान, बाजारभाव ही ॲप्स जवळपास प्रत्येक फोनवर असतात आणि त्यांच्या वाटेला जाऊ नये. दूरस्थ ताबा देणाऱ्या ॲप्सकडे मी प्रथम बघते. एनीडेस्क हे स्वतः एक सरळ साधन आहे आणि आयटी विभागही अशी साधने वापरतात, परंतु फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला त्याच्या नावाने बँकांना सावध करावे लागले, कारण भामटे लोकांना तेच बसवायला लावून खाती रिकामी करत होते. तालुक्यात फिरणाऱ्या प्रतिनिधीच्या फोनवर असे ॲप अचानक दिसले, तर ते त्याने कोणाच्या सांगण्यावरून बसवले हे त्याच दिवशी विचारावे.

त्यानंतर कीबोर्ड. हा धोका मराठीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत जास्त आहे आणि इंग्रजीत लिहिलेल्या सूचनापत्रांत त्याचा क्वचितच उल्लेख असतो. कीबोर्डचे ॲप पडद्यावर टाइप होणारी जवळपास प्रत्येक गोष्ट पाहू शकते. मराठी लिहिण्याची सोय आपल्या फोनवर आधीच आहे हे ठाऊक नसल्यामुळे माणसे स्टोअरमध्ये ‘मराठी कीबोर्ड’ असे शोधतात, आणि जे पहिले दिसेल ते बसवतात. त्यात जाहिराती, स्टिकर आणि सुविचारांची रेलचेल असते, आणि ते कोणी बनवले याचा थांग लागत नाही. आमच्या यादीत अशा कीबोर्डची एवढी विविधता निघाली की, एखाद्या भाषेच्या अभ्यासकाला ती रंजक वाटावी. अँड्रॉइडमध्ये कोणते कीबोर्ड चालतील याची यादी पॉलिसीने ठरवता येते. आम्ही ती ठरवली, परंतु त्याआधी सर्वांना जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, मराठी कशी चालू करायची, रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी कसे मिळवायचे आणि बोलून कसे लिहायचे, याचा एक छोटा व्हिडिओ पाठवला. गरज तशीच ठेवून नुसते साधन काढून घेतले असते, तर लोकांनी कामाचे मजकूर आपल्या खासगी फोनवरून पाठवायला सुरुवात केली असती, आणि मग आमच्या यादीला काहीच अर्थ उरला नसता.

झटपट कर्जाच्या ॲप्सविषयी लिहिताना हात जरा आखडतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात भारतातील अँड्रॉइड वापरणाऱ्यांना उपलब्ध असलेली सुमारे ११०० कर्जाची ॲप्स मोजली, आणि त्यातली सुमारे ६०० बेकायदेशीर ठरवली. अशी ॲप्स फोनमधील संपर्कांची यादी उचलतात आणि वसुलीसाठी त्या लोकांना धमकावतात, आणि कंपनीच्या फोनमधील संपर्क म्हणजे आमचे शेतकरी आणि विक्रेते. सुरक्षेच्या दृष्टीने असे ॲप काढायलाच हवे. परंतु ते यादीत दिसल्या क्षणी मला त्या कर्मचाऱ्याच्या घरची पैशाची ओढाताणही दिसलेली असते, जी त्याने मला सांगितलेली नसते आणि कदाचित बायकोलाही सांगितलेली नसते.

ॲपची यादी ही निरुपद्रवी तांत्रिक माहिती आहे, असे आमच्या क्षेत्रात सर्रास मानले जाते, आणि मला ते मुळीच पटत नाही. विवाह जुळवणाऱ्या संस्थेचे ॲप, नोकरी शोधण्याचे ॲप, मधुमेहाच्या किंवा गर्भारपणाच्या नोंदी ठेवण्याचे ॲप, एखाद्या धर्माच्या उपासनेचे किंवा पक्षाचे ॲप: ही नावे नुसती ओळीने वाचली तरी माणूस उघडा पडतो. गूगलनेही प्ले स्टोअरच्या धोरणात बसवलेल्या ॲप्सची यादी ही वैयक्तिक आणि संवेदनशील माहिती मानली आहे, आणि अँड्रॉइड ११ पासून एका ॲपने दुसऱ्या ॲप्सची संपूर्ण यादी पाहण्यावर बंधने घातली आहेत. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम ७ नोकरीच्या कारणासाठी, आणि नोकरी देणाऱ्याला नुकसानीपासून वाचवण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची वाट ठेवते. परंतु त्या वाटेचा अर्थ, प्रत्येकाची यादी उघडून चाळत बसावे, असा कोणी घेऊ नये.

म्हणून आमच्याकडे शोधाची दिशा उलटी केली आहे. कोण्या एका माणसाचा फोन उघडून त्यावर काय काय आहे ते पाहायचे नाही. ॲपचे नाव किंवा पॅकेज ठरवायचे, एकत्रित अहवालात ते शोधायचे, आणि मग ते ज्या फोनवर आहे तेवढेच फोन उघडायचे. इंट्यूनमध्ये भूमिकेनुसार अधिकार देता येत असल्यामुळे मदतकक्षातील मुलांना फोन लॉक करणे आणि पासकोड काढणे एवढेच जमते. एकदा एका विभागप्रमुखाने आपल्या माणसांपैकी कोणाच्या फोनवर नोकरी शोधण्याचे ॲप आहे ते कळवावे, अशी मागणी केली होती. ती लेखी नाकारली.

काढण्याचे काम शोधण्यापेक्षा सोपे वाटते, परंतु तिथेही प्रकाराप्रमाणे फरक पडतो. पूर्ण ताब्यातल्या अँड्रॉइड फोनवर मॅनेज्ड गूगल प्लेमध्ये, म्हणजे प्ले स्टोअरच्या कंपन्यांसाठीच्या रूपात, कंपनीने मान्य केलेली ॲप्सच दिसतील अशी व्यवस्था करता येते, आणि नको असलेले ॲप ‘अनइन्स्टॉल’ असे नेमून दिले की ते फोनवरून निघते. निर्मात्याने घातलेली ॲप्स निघत नाहीत, ती केवळ बंद करता येतात. आयफोनवर एमडीएम फक्त त्याच ॲप्सना काढू शकते, जी त्याने स्वतः बसवली आहेत. वापरणाऱ्याने स्टोअरमधून घेतलेले ॲप दूरवरून काढता येत नाही. सुपरव्हाइज्ड आयफोनवर बंडल आयडी देऊन ते लपवता येते आणि उघडण्यापासून रोखता येते. सुपरव्हाइज्ड नसलेल्या, पण कंपनीच्याच आयफोनवर ते ॲप असेपर्यंत फोन ‘नियमबाह्य’ ठरवून कंपनीची मेल थांबवण्याचा मार्ग उरतो. तो परिणामकारक आहे, परंतु सोमवारी सकाळी तो लागू करू नये.

मुख्य म्हणजे ॲप काढले की त्यातली माहितीही जाते. बंदीच्या त्या आठवड्यात आम्ही पॉलिसी लिहून तयार ठेवली होती, आणि सांगलीकडच्या एका ज्येष्ठ प्रतिनिधींना सूचनेसाठी दूरध्वनी केला. ते म्हणाले, ‘‘मॅडम, खुशाल काढा, पण दोन हंगामांचे सातबारे त्यात आहेत, ते आधी कुठे ठेवू तेवढे सांगा.’’ त्यांच्या या एका वाक्यामुळे आमचा क्रम बदलला: आधी वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या फाइल साठवण्याच्या ॲपमधील स्कॅनची सोय सर्वांना शिकवली आणि आयफोनवाल्यांना नोट्समधली, जी २०१७ पासून तिथे आहेच, मग जुन्या फाइल्स कंपनीच्या खात्यात हलवण्यासाठी मुदत दिली, मुदतीनंतर ॲप काढले आणि पुन्हा बसवता येणार नाही अशी सोय केली. खरे तर ऑगस्ट २०१९ मध्येच कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना कॅमस्कॅनरच्या अँड्रॉइड आवृत्तीतील जाहिरातींच्या भागात घातक कोड सापडला होता, आणि गूगलने ते ॲप काही काळ स्टोअरवरून उतरवले होते. तेव्हा हा क्रम सावकाशीने पार पाडता आला असता. त्या वेळी कोणत्याही सरकारी आदेशाचा रेटा नव्हता, त्यामुळे बातमी वाचून सगळे पुढच्या कामाला लागले.

त्यानंतर २ सप्टेंबर २०२० रोजी आणखी ११८ ॲप्सवर बंदी आली, ज्यात पब्जी मोबाइल होते, आणि २४ नोव्हेंबरला आणखी ४३ वर. या दोन्ही वेळी पॅकेजच्या नावांची यादी बनवायची, ती एकत्रित अहवालाशी ताडून पाहायची, गप्प फोनना जागे करायचे आणि पर्याय सांगून मग काढायचे, एवढेच करावे लागले. मधल्या प्रकारच्या अँड्रॉइड फोनवर आता आणखी एक सोय आहे: वैयक्तिक बाजूच्या प्ले स्टोअरमध्ये कोणती ॲप्स चालणार नाहीत, हे कंपनीला नावानिशी ठरवता येते. म्हणजे बंदी घातलेले ॲप तिथे होते की नव्हते हे मला कधीच कळत नाही, आणि तरीही ते तिथे चालत नाही.

यूझर एनरोलमेंटने जोडलेल्या खासगी आयफोनसाठी अशी सोय नाही. आमच्या वरिष्ठांपैकी बऱ्याच जणांचे फोन त्याच प्रकारचे आहेत. बंदीचा नवा आदेश आला की त्यांना मी ॲप्सच्या नावांसह एक साधी मेल पाठवते, आणि ‘माझ्या फोनवर यांपैकी काही नाही’ असे त्यांचे उत्तर आले की ते फाइलला लावून ठेवते.